डोनर आणि मेंबरांची यादी सरकारने मागितली तर द्यावीच लागते का? (अमेरिका, नॉनप्रॉफिट)

नाइलाजाने_खजिनदार:

अमेरिकेत राहून नॉनप्रॉफिटच्या भानगडीत पडलेल्यांसाठी प्रश्न आहे. यावर आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, मला तरी सापडला नाही.

आमची छोटी संस्था आहे, ५०१ सी ३ वाली (म्हणजे देणगीवर करसवलत मिळते ती सेवाभावी संस्था). घरात मारहाण सोसणाऱ्या देशी बायकांना वकील गाठून देणं, राहायची तात्पुरती सोय बघणं, कोर्टाच्या तारखेला सोबत जाणं, असलं काम. मी खजिनदार, कारण मीटिंगला दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. वर्षाला दीड-पावणेदोन लाख डॉलर जमतात, बहुतेक देणग्या पन्नास-शंभरच्या, मोठी रक्कम देणारे मोजकेच. मेंबरशिप वेगळी, तिचे २५ डॉलर.

तर झालंय असं की आम्ही स्टेटच्या एका ग्रँटसाठी अर्ज करतोय आणि त्यांच्या फॉर्मला एक जोडपत्र आहे, त्यात सरळ लिहिलंय की गेल्या वर्षीच्या डोनर आणि मेंबरांची यादी नाव-पत्त्यासकट जोडा. बोर्डावरचे एक काका म्हणतात देऊन टाका, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय, नाही दिली तर उलट संशय येईल. मला हे पटत नाहीये. आमच्या डोनरांमध्ये बऱ्याच जणी अशा आहेत ज्या कधीकाळी स्वतःच आमच्याकडे मदतीला आल्या होत्या, आता पायावर उभ्या आहेत आणि आठवणीने दर महिन्याला वीस डॉलर पाठवतात. एकीने देणगीच्या नोटमध्ये लिहिलंय, "पावती ईमेलवर नको, घरचा आयपॅड सगळे बघतात." आता हिचं नाव आणि पत्ता मी पीडीएफ करून कुठल्या तरी ऑफिसात पाठवू? आणि उद्या तिथून कोणी पब्लिक रेकॉर्ड म्हणून अर्ज टाकून ती यादी मागितली तर?

मुळात सरकारला काय द्यावंच लागतं, काय नाही दिलं तरी चालतं, आणि "नाही" म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं?

आकडेमोड_सीपीए:

ताई, आधी आयआरएसचं (म्हणजे फेडरल टॅक्स खात्याचं) सांगते, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो.

तुमची जमा दोन लाखांच्या आत आहे आणि मालमत्ता पाच लाखांच्या आत असेल तर तुम्ही ९९०-ईझेड भरत असणार, म्हणजे ९९० या नॉनप्रॉफिटच्या वार्षिक रिटर्नचं छोटं रूप. त्याला शेड्यूल बी नावाचं जोडपत्र असतं, त्यात वर्षाला ५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांची नावं, पत्ते, रकमा जातात. संस्था मोठी असेल आणि पब्लिक सपोर्ट टेस्टमध्ये (पुरेसा पैसा जनतेकडून येतो का ही कसोटी) बसत असेल तर ही मर्यादा एकूण देणग्यांच्या दोन टक्क्यांवर जाऊ शकते, तुम्हाला तो प्रश्न नाही. म्हणजे वीस डॉलरवाल्या बाईचं नाव आयआरएसकडे जातच नाही. मेंबरांची यादी ९९० मध्ये कुठेच मागत नाहीत. ज्यांची जमा साधारण ५०,००० च्या आत असते ते ९९०-एन नावाचं पोस्टकार्ड भरतात, त्याला शेड्यूल बी नसतंच.

२०२० मध्ये ट्रेझरीने नियम बदलला तेव्हापासून ५०१ सी ४ (राजकीय प्रचारही करू शकणाऱ्या समाजकल्याण संस्था), सी ६ (व्यापारी संघटना) वगैरेंना नावं आयआरएसला कळवावी लागत नाहीत, फक्त स्वतःच्या दप्तरात ठेवायची. सी ३ वाल्यांना मात्र अजून कळवावी लागतात. "आता डोनरची नावं द्यावी लागत नाहीत" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो बहुधा सी ४ बद्दल बोलतोय.

आता पब्लिकने बघायची कॉपी. ९९० कोणीही मागू शकतं आणि तुम्हाला दाखवावं लागतं, पण सी ३ पब्लिक चॅरिटी असाल तर डोनरचं नाव-पत्ता झाकता येतो. प्रायव्हेट फाउंडेशनला (बहुधा एखाद्या कुटुंबाच्या किंवा कंपनीच्या पैशावर चालणारं) ही सवलत नाही, त्यांच्या ९९०-पीएफ वरची नावं उघडी असतात. आणि एक गोष्ट हमखास सुटते. नाव झाकलं तरी रक्कम आणि वस्तुरूप देणगीचं वर्णन तसंच राहतं, त्यावरून माणूस सरळ ओळखू येत असेल तरच तेही झाकायची मुभा आहे. तुमच्यासारख्या छोट्या गोतावळ्यात "शेअर्स, अमुक कंपनीचे, १२,००० डॉलर" एवढं वाचलं की कोणी दिले हे अर्ध्या गावाला कळतं. कॉपी बाहेर देण्याआधी त्या रकान्यावरून नजर फिरवा, सॉफ्टवेअर ते आपोआप करत नाही.

वकील_पण_तुमची_नाही:

आयडीतच डिस्क्लेमर आहे, तरी पुन्हा सांगते, हे कायदेशीर सल्ला म्हणून धरू नका, तुमच्या स्टेटातल्या वकिलाला विचारा.

तुमच्या बोर्डावरच्या काकांचा "लपवण्यासारखं काय आहे" हा प्रश्न अलाबामाने १९५६ मध्येच विचारून झालाय. तिथल्या अॅटर्नी जनरलने एनएएसीपीवर (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) केस टाकली आणि कोर्टाकडून हुकूम मिळवला की राज्यातल्या सगळ्या मेंबरांची नावं-पत्ते द्या. एनएएसीपीने बाकी बहुतेक सगळी कागदपत्रं दिली, पदाधिकाऱ्यांची नावं द्यायलाही ना नव्हती, अडून बसले ते फक्त साध्या मेंबरांच्या यादीवर. त्याबद्दल कोर्टाच्या अवमानाचा दंड आधी १०,००० डॉलर आणि मग १,००,००० डॉलर झाला, त्या काळातले. यादी त्यांनी दिली नाही. तेव्हाच्या अलाबामात मेंबर म्हणून नाव बाहेर पडणं म्हणजे नोकरी जाणं, मारहाण, काय वाट्टेल ते. ३० जून १९५८ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला, जस्टिस हार्लन यांनी लिहिला, की एकत्र येण्याच्या स्वातंत्र्यात नावं गुप्त ठेवण्याचं संरक्षणही येतं. निकाल लागला तरी अलाबामाने पुढची कितीतरी वर्षं घोळ घातला आणि संघटनेला राज्यात पुन्हा उघडपणे काम करता आलं ते १९६४ नंतर. जिंकूनसुद्धा सहा वर्षं.

१९६० मध्ये अजून दोन निकाल आले, दोन्ही आर्कान्सातले. एकात लिटल रॉक शहराने यादी मागितली होती. दुसऱ्यात राज्याने शिक्षकांना फतवा काढला होता की गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या संस्थेत मेंबर होतात किंवा जिला पैसे दिलेत तिचं नाव लिहून द्या. दोन्ही मागण्या टिकल्या नाहीत.

अलीकडचा मोठा निकाल २०२१ चा, अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी फाउंडेशन विरुद्ध बोन्टा. कॅलिफोर्नियाचा अॅटर्नी जनरल राज्यात देणग्या गोळा करणाऱ्या सगळ्याच चॅरिटीजकडून शेड्यूल बी मागायचा, न झाकलेलं. म्हणणं असं की फसवणूक पकडायला लागतं. खटल्यात बाहेर काय आलं, तर दहा वर्षांतल्या सुमारे ५४० चौकशांपैकी फक्त पाचांत शेड्यूल बी वापरलं गेलं होतं. आणि "गुप्त ठेवू" म्हणून घेतलेले जवळपास दोन हजार शेड्यूल बी त्यांच्याच वेबसाइटवर उघडे पडलेले सापडले, त्यात एकामध्ये प्लॅन्ड पेरेंटहूडच्या (गर्भपात आणि कुटुंबनियोजनाची सेवा देणारी संस्था) शेकडो डोनरांची नावं आणि पत्ते. कोणी मुद्दाम फोडले नव्हते, नुसता ढिसाळपणा. सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द झाला. सरकारचं कारण महत्त्वाचं असलं पाहिजे, मागितलेली माहिती त्या कारणाशी खरंच जुळली पाहिजे, आणि गरजेपुरतंच मागितलं पाहिजे, अशी कसोटी कोर्टाने सांगितली. सगळ्यांचं सगळं आधीच घेऊन ठेवू, कधीतरी कामाला येईल, हे चालणार नाही.

केस टाकणारी संस्था उजव्या बाजूची होती, पण तिच्या बाजूने एसीएलयू (नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी संस्था) आणि एनएएसीपीचा लीगल डिफेन्स फंडही कोर्टात गेले होते. हा विषय उजवं-डावं करणाऱ्यांना तेवढंच सांगायचं.

आता तुमचा फॉर्म. ग्रँटचा फॉर्म आणि सबपीना यात फरक आहे. सबपीना म्हणजे हुकूम, तो आला की उत्तर द्यावंच लागतं, पण "उत्तर" म्हणजे यादीच असं नाही, कोर्टात जाऊन तो रद्द करून मागता येतो. ग्रँट ऐच्छिक असते त्यामुळे तिथे "नको असेल तर अर्ज करू नका" असं म्हणायला ते मोकळे आहेत असं वाटतं, पण अटी कशाही घालता येतात असंही नाही. बऱ्याच स्टेट्सनी गेल्या काही वर्षांत पर्सनल प्रायव्हसी प्रोटेक्शन अॅक्ट नावाचा कायदा केलाय, मिसिसिपीने २०१९ मध्ये, मिझुरीने २०२२ मध्ये, आणि गंमत म्हणजे अलाबामाने २०२३ मध्ये. त्यात सरकारी खात्याने नॉनप्रॉफिटकडे डोनर-मेंबरांची ओळख पटेल अशी माहिती मागायलाच मनाई आहे, हातात आलेली बाहेर द्यायला तर आहेच. निवडणूक खर्चाचे रिपोर्ट, कोर्टाचे वॉरंट वगैरे अपवाद आहेत. तुमच्या स्टेटात तो आहे का ते आधी बघा.

कुंपणावरचा:

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून उलटं बोलतो, मग शिव्या घाला.

खजिनदारताईंच्या बायकांबद्दल कोणाचंच दुमत नाही. पण हेच कायदे कोण पुढे रेटतंय बघा. निवडणुकीच्या महिनाभर आधी टीव्हीवर एखाद्या उमेदवाराला झोडपणारी जाहिरात येते, खाली संस्थेचं गोंडस नाव, आत पैसा कोणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही कारण सी ४ ला नावं सांगायची नसतात. त्यांनाही "डोनरची प्रायव्हसी" हवीच असते. ॲरिझोनात २०२२ मध्ये लोकांनी सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी कायदा केला की प्रचारात ठराविक रकमेवर खर्च करत असाल तर ५,००० डॉलरच्या वर देणाऱ्या मूळ माणसाचं नाव सांगा, मधल्या चार संस्था फिरवून आणलेला पैसा चालणार नाही. लोकांना हे कळायला हवं असतं.

आणि इतिहास काढताय तर पूर्ण काढा. १९२३ मध्ये न्यूयॉर्कने कायदा केला होता की शपथ घेऊन मेंबर करणाऱ्या संघटनांनी यादी सरकारकडे द्यावी, रोख होता कू क्लक्स क्लॅनवर, म्हणजे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेवर. १९२८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो योग्य ठरवला. तेव्हा यादी मागणं बरोबर आणि तीस वर्षांनी अलाबामात चूक? मग संघटना कोणती आहे हे बघून कायदा ठरतो असंच म्हणायचं का?

वकील_पण_तुमची_नाही:

@कुंपणावरचा, शिव्या कशाला, प्रश्न रास्त आहे.

१९५८ च्या निकालात हार्लन यांनी त्या क्लॅनच्या केसला बगल दिली नाही. फरक असा सांगितला की क्लॅन ही दहशत आणि हिंसा करणारी संघटना होती आणि तिने सरकारला कसलीच माहिती दिली नव्हती, एनएएसीपीने यादी सोडून बाकी दिलं होतं. हे उत्तर मलाही पुरेसं वाटत नाही. "चांगली" संघटना कोणती हे शेवटी अॅटर्नी जनरल ठरवणार आणि तो दर चार वर्षांनी बदलणार. म्हणून मला कॅलिफोर्नियाच्या निकालातली कसोटी जास्त आवडते, तिथे तुम्ही कोण आहात यापेक्षा सरकारला ते नेमकं कशाला हवंय हे बघतात.

निवडणुकीचं म्हणाल तर ती वाट कोर्टाने मुद्दाम वेगळी ठेवलीय. १९७६ च्या बकली निकालापासून उमेदवाराला दिलेल्या पैशाची नावं जाहीर करणं मान्य आहे, २०१० च्या सिटिझन्स युनायटेडमध्येही नऊपैकी आठ न्यायाधीशांनी नावं जाहीर करायची तरतूद ठेवली. त्यातसुद्धा एखाद्या छोट्या पक्षाच्या लोकांना खरंच त्रास होतोय असं दाखवलं तर सूट मिळते, सोशलिस्ट वर्कर्सना १९८२ मध्ये मिळाली होती. तेव्हा ॲरिझोनाचा कायदा आणि ताईंची यादी या एकाच रांगेतल्या गोष्टी नाहीत. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात, म्हणजे जाहिरात "मुद्द्यावर" आहे असं म्हणायचं आणि माणूस पाडायचा. तिथे माझं तुमच्याशी बरंचसं जमेल.

वाचनमात्र_पण_आज_नाही:

"गुप्त ठेवू" यावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी अजून एक. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेज, समलिंगी विवाहाच्या विरोधातली संस्था, तिचं न झाकलेलं शेड्यूल बी आयआरएसमधूनच बाहेर गेलं, २०१२ मध्ये ते छापून आलं आणि डोनरांची नावं सगळीकडे फिरली. २०१४ मध्ये सरकारने ५०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्या संस्थेची मतं मला अजिबात पटत नाहीत, पण फॉर्म आपण भरतो तोच होता.

नाइलाजाने_खजिनदार:

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काकांना अलाबामाचं वाचून दाखवलं, ते म्हणाले "आपण काय एनएएसीपी आहोत का". असो. पण त्यातून दुसरंच निघालं. मी आमची डोनर शीट उघडून बसले तर त्यात एक कॉलम आहे "रेफरन्स", आणि आधीच्या कोणीतरी तिथे केस नंबर टाकून ठेवलेत. म्हणजे देणगी देणारी बाई आमची क्लायंट होती हे नावाशेजारीच लिहिलेलं. ही शीट नऊ जणांसोबत शेअर आहे, त्यातले दोघं बोर्ड सोडून गेलेत. सरकारचं राहू द्या, आधी हेच बघून मला घाम फुटला. तो कॉलम उडवला तर चालेल ना? की काही नियम आहे?

वकील_पण_तुमची_नाही:

हे तुम्ही सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, इथे विषयच बदलतो.

तुम्हाला व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अॅक्टखालचा फेडरल पैसा थेट किंवा स्टेटमार्फत येत असेल तर मदत घेणाऱ्या बाईची ओळख पटेल अशी माहिती तिच्या लेखी, समजून दिलेल्या आणि मुदतबंद संमतीशिवाय बाहेर द्यायला तुम्हालाच बंदी आहे. संमती दिली नाही म्हणून मदत नाकारायलाही बंदी आहे. तुम्ही अर्ज करताय त्या ग्रँटचा पैसा मुळात कुठून येतो ते बघा, अशा कामाच्या स्टेट ग्रँटमध्ये बरेचदा फेडरल पैसा असतो. तसं असेल तर तुमचं उत्तर सोपं आहे. एक पत्र लिहा की आमच्या डोनर आणि मेंबरांमध्ये सेवा घेतलेल्या व्यक्ती आहेत, यादी दिल्यास त्यांची ओळख उघड होईल, म्हणून ती देता येत नाही, त्याऐवजी एकूण डोनर किती, एकूण रक्कम किती, कुठल्या गटातून किती एवढं देतो. आणि ही यादी कोणत्या नियमाखाली मागताय ते लेखी कळवा. बरेचदा ते जोडपत्र दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुठल्या ग्रँटच्या फॉर्मवरून उचललेलं असतं आणि समोरच्या प्रोग्राम ऑफिसरलाही ते का आहे माहीत नसतं.

कॉलमचं. आज तुमच्यावर सबपीना, चौकशी, दावा यातलं काहीही नाहीये आणि येणार अशी चाहूलही नाहीये, तर गरज नसलेली माहिती काढायला काही हरकत नाही, फक्त "आम्ही अमुक रेकॉर्ड अमुक वर्षं ठेवतो" असा ठराव बोर्डात आधी करून घ्या आणि त्याप्रमाणे काढा. नोटीस आल्यावर मात्र एक ओळही पुसायची नाही, तो वेगळाच गुन्हा होतो. केस नंबर हवेच असतील तर ते केसच्या सिस्टिममध्ये राहू द्या, पैशाच्या शीटमध्ये त्यांचं काही काम नाही.

आणि सबपीना कधी आलाच तर त्याच दिवशी वकील. न्यू जर्सीत गर्भपाताला विरोध करणाऱ्या, प्रेग्नन्सी सेंटर चालवणाऱ्या एका संस्थेला तिथल्या अॅटर्नी जनरलने २०२३ मध्ये सबपीना पाठवून डोनरांची माहिती मागितली, फेडरल कोर्टात आत्ताच दाद मागायची की आधी स्टेट कोर्टात जायचं एवढ्याच प्रश्नावर ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२५ मध्ये त्यांनी सुनावणीला घेतलं. मूळ यादीचा मुद्दा बाजूलाच.

आकडेमोड_सीपीए:

कॉलम उडवताना व्हर्जन हिस्टरी विसरू नका, गूगल शीटमध्ये जुनं सगळं तसंच दिसतं. नवी शीट करा, त्यात लागतील तेवढेच रकाने घ्या आणि जुनीचा ॲक्सेस काढा. पावतीसाठी तुम्हाला नाव, रक्कम, तारीख पुरते, २५० डॉलर किंवा त्यावर असेल तर डोनरला टॅक्ससाठी लेखी पावती लागते, ती ईमेलनेच हवी असं कुठेही नाही. त्या आयपॅडवाल्या ताईला वर्षअखेर हातात कागद द्या.

मोठे डोनर नाव नको म्हणत असतील तर डोनर-अॅडव्हाइज्ड फंडातून (देणगी आधी दुसऱ्या चॅरिटीच्या फंडात ठेवायची, तिथून कोणाला द्यायची ते सुचवायचं) द्यायला सांगा, मग तुमच्या शेड्यूल बी वर फंड चालवणाऱ्या संस्थेचं नाव येतं, माणसाचं नाही.

कुंपणावरचा:

झालं, मी म्हणत होतो तो काळा पैसा याच दारातून येतो :)

आकडेमोड_सीपीए:

काळा नाही हो, फंडवालेही ९९० भरतात आणि त्यांच्या शेड्यूल बी वर मोठ्या डोनरचं नावही असतं. पण हो, दार तेच आहे. भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, ताईंना ग्रँटची तारीख गाठायचीय.

नाइलाजाने_खजिनदार:

शुक्रवारपर्यंत आहे. पत्राचा मसुदा केलाय, आधी आमच्या स्टेटातल्या एका वकिलीणबाईंना दाखवते. प्रोग्राम ऑफिसरला फोनही केला, ती म्हणाली "आजवर कोणी विचारलंच नाही, मी वर विचारून सांगते". नऊपैकी पाच जणांचा ॲक्सेस काढलाय, उरलेल्यांत काका आहेत.